उनाईसीच्या बोनसासाठी मागितलेली माफी

माझी पत्नी उनाईसी हिला घरी परत आणण्याचा जो उद्योग मी आरंभिला, त्याच्या पहिल्याच टप्प्यात तिला आणखी एका बेटाने दूर पाठविण्यात मला यश आले. हे यश माझ्या एकट्याचे नव्हे. माझे मामा पेनाया, शेजारचे परदेसी मास्तर आणि उनाईसीचा भाऊ मनोआ यांनीही त्यास हातभार लावला, आणि त्यांचा वाटा मी प्रामाणिकपणे त्यांच्या पदरात टाकतो. परंतु गावाने बोट दाखविले ते माझ्याकडेच, कारण त्या दिवशी कोट माझ्या अंगात होता.

प्रकरणाचा आरंभ असा. उनाईसी फिजीतील आमच्या किनाऱ्यासमोरील बेटावरच्या हॉटेलात खोल्यांची व्यवस्था पाहते. नाताळाच्या आधी हॉटेलातील सर्वांस बोनस मिळाला आणि नव्या वर्षापासून सर्वांचा पगार वाढला. उनाईसीला मात्र दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही. चौकशी करता समजले की, ही दोन्ही सुखे ज्यांचे वर्ष अखंड असते त्यांच्यासाठीच आहेत, आणि उनाईसीचे वर्ष प्रसूतीच्या रजेमुळे मध्येच खंडित झाले होते. दोर तुटतो, जाळे फाटते, हे मला ठाऊक होते. वर्षास भोक पडते, आणि ते आमच्या तान्ह्या मेरेवाईच्या आकाराचे असते, ही माहिती मला नवी होती.

आमचा बेत साधा होता. बोनसाच्या आधारावर उनाईसीने बिनपगारी रजा घ्यावी आणि मुलगी चालू लागेपर्यंत घरी राहावे. बोनस गेला, तसा बेतही गेला. हॉटेलातील कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत तान्ह्या मुलांस मनाई आहे. म्हणून एके सोमवारी सकाळी उनाईसीने मेरेवाईला माझ्या हाती दिले, पुन्हा घेतले, पुन्हा दिले, आणि ती बोटीत बसली. त्यानंतर ती एका आड एका रविवारी येई. चर्च, जेवण आणि धुणे यांतून जी उरे, तेवढी ती आमची.

मी गावच्या सहकारी दुकानात कारकून आहे. शाळा मी आठवीस सोडली. तथापि लग्नाच्या आणि मयताच्या सूचना लिहाव्या त्या रुसियातेनेच, म्हणजे मीच, असा आमच्या गावाचा निर्वाळा आहे. मेरेवाईला मी बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यात बसवून तराजूशेजारी ठेवीत असे. गिऱ्हाईक साखर नेई आणि सल्ला ठेवून जाई. पोटाला खोबरेल चोळावे, असे एकीने सांगितले. ज्या मुलांच्या पोटाला खोबरेल चोळतात ती पुढे आळशी निघतात, असे तिच्याच मागे उभ्या असलेल्या दुसरीने सांगितले, आणि दोघींचे भांडण मिटेपर्यंत मला पाव विकता आला नाही. दुपारच्या बोटीचा आवाज आला म्हणजे मुलगी खोक्यातून मान बाहेर काढी. तिला बोट कळत नव्हती. ती माझे पाहून तसे करी, कारण मान आधी मी बाहेर काढलेली असे.

ती हॉटेलची बोट मनोआ चालवितो. तो उनाईसीचा सख्खा भाऊ, म्हणून माझा तवाले. आणि तवाले म्हणजे ज्याने आपली जन्मभर टिंगल करावी असा रीतीने नेमून दिलेला मनुष्य. निरोप आणण्यास याहून सोयीचा माणूस नाही, असे कोणासही वाटेल. परंतु आमच्या फिजीत भाऊ-बहीण मोठी झाली की एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तो परस्परांचा मान आहे. त्यामुळे उनाईसी धक्क्यावर उभी राहून आपला निरोप समुद्रास सांगे, आणि मनोआ दोर सोडता सोडता तो ऐके. सख्खा भाऊ ऐकत असता समुद्रास सांगण्याजोग्या गोष्टी फार थोड्या उरतात.

"काय म्हणाली?" मी विचारी.

"साबण पाठव म्हणाली."

"आणखी?"

"आणखी काय? मोठी वडी पाठव म्हणाली."

मी साबणाची मोठी वडी हातात घेऊन बराच वेळ बसे. तिने त्या वडीत काय काय भरून मागितले असेल, याचा विचार करी. एकदा मी धीर करून म्हणालो, "तिला सांग, तिच्या उशीवर मी अजून डोकं ठेवत नाही. ती आहे तशीच आहे."

मनोआने मला आपादमस्तक न्याहाळले. "हे मी तिला कसं सांगणार? मी खांबाकडे बघून बोलतो. धक्क्यावरचा खांब."

"मग खांबाला सांग."

"खांब लाजेल, तवाले."

अशा स्थितीत मनुष्य किती दिवस काढणार? मी बोनस परत मिळविण्याचे ठरविले.

पहिला सल्ला परदेसी मास्तरांचा (परदेसी हे त्यांचे नावच). ते साखर कारखान्याच्या युनियनमध्ये लेखनिक होते, आणि निवृत्तीनंतरही कोणी भांडताना दिसले की खिशातील पेनास हात घालतात. "रुसी भैया, यात विचार कसला करायचा?" ते म्हणाले. "कामगार कार्यालयात अर्ज टाका. रजा कायद्याची, तर वर्ष तुटलं कसं? नियम त्यांचा असेल, कायदा आपला आहे."

मामा तेथेच चटईवर बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. "अर्ज टाकणं म्हणजे न भेटता भांडणं. आधी माणसासारखं जाऊन समोर बसायचं. यंगोनाच्या मुळ्या पुढे ठेवायच्या. बोलायचं. मग कायदा."

"मोमो, साहेब न्यूझीलंडचा आहे," मी म्हणालो. मामाला आम्ही मोमो म्हणतो.

"म्हणून काय त्याला कान नाहीत?"

मामांच्या वाणीविषयी शंका घेणे मला शक्य नव्हते. ते आमच्या कुळाचे बोलणारे. त्यांनी केवळ बोलून गावासाठी एक विहीर, चर्चची घंटा आणि दोन सुना मिळविल्या आहेत. त्यांपैकी एक सून तर मुळात दुसऱ्या गावास कबूल झाली होती. त्यामुळे यंगोनाच्या, म्हणजे ज्याचे पेय आमच्याकडे मानाने देतात त्या झाडाच्या, उत्तम मुळ्यांची जाडजूड जुडी बांधण्यात आली, चर्चच्या कपाटातील काळा कोट मला चढविण्यात आला, आणि मेरेवाईलाही सोबत न्यावे असे ठरले. मूल पाहून साहेबाचे हृदय द्रवेल, असे मामांचे म्हणणे होते. माझे म्हणणे निराळे होते, परंतु मी ते कोणास सांगितले नाही. त्या आठवड्यात उनाईसीचा घरी येण्याचा रविवार नव्हता, आणि मला तिला मुलगी दाखवावयाची होती.

परदेसी मास्तर साक्षीदार म्हणून छत्री घेऊन आले. "तुम्ही बोला, मी ऐकतो," ते म्हणाले. "पण नंतर अर्ज टाकायचाच आहे."

बेटावर उतरताच एका हसतमुख मुलीने आमच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या आणि आम्हांस लगबगीने हिरवळीवर नेले. तेथे चटई अंथरलेली होती, भोवती गोरे पाहुणे अर्धवर्तुळात बसले होते, आणि एकजण ढोलाशी तयारीत उभा होता. मामांची छाती भरून आली. "बघ," ते हळूच म्हणाले, "माझं नाव इथवर पोचलंय." वस्तुस्थिती अशी होती की, तिसऱ्या प्रहरी पाहुण्यांस आमच्या रीतीभाती दाखविण्याचा तेथे रोजचा कार्यक्रम असे, आणि पलीकडच्या गावाची मंडळी त्या दिवशी बोट बिघडल्याने अडकून पडली होती.

इतक्यात स्वतः व्यवस्थापक हॅडो साहेब आले. हा मनुष्य वाईट नाही, हे मी आरंभीच नोंदवितो. त्यांनी आमच्या बेटांवर अनेक वर्षे काढली आहेत, आणि आमच्या रीती आपण आमच्याहून अचूक पाळतो, असा त्यांस सार्थ अभिमान आहे. गुडघे दुखत असताही ते मांडी घालून बसले. त्यांच्या वतीने बोलण्यास हॉटेलचा मुख्य माळी शेजारी बसला. आम्ही जुडी पुढे ठेवली, हाताच्या ओंजळी करून टाळ्या वाजविल्या, आणि मामांनी सुरुवात केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्याकडे मागण्यास आलेला मनुष्य कधीही मागण्यापासून सुरुवात करीत नाही. तो आपल्या येण्याची क्षमा मागतो. मागणे जितके मोठे, तितकी क्षमा लांब. मामांनी उनाईसीच्या संपूर्ण बोनसास आणि पगारवाढीस शोभेल अशा क्षमेने आरंभ केला.

"आम्ही आलो याची क्षमा असावी," ते खालच्या पण घुमणाऱ्या आवाजात म्हणाले. "आमचे पाय मळके आहेत. आमच्या मुळ्या बारीक आहेत. हा माझा भाचा, याला समज कमी. याची बायको तुमच्या छायेत काम करते, तिचं आमच्याकडून काही शिकवायचं राहून गेलं असेल, त्याची क्षमा असावी. हे लहान मूल, याच्या येण्याने तुमच्या घरात काही विस्कटलं असेल, त्याची क्षमा असावी."

मी मान खाली घातली, कारण तेथे मान खाली घालावयाची असते. प्रस्तावना उत्कृष्ट झाली होती. आता आणखी एक वळण, आणि मग मामा मुद्द्यावर येणार होते. परंतु हॅडो साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी माळ्यास खूण केली. माळ्याने हात पुढे करून जुडी उचलली आणि खणखणीत स्वरात म्हणाला, "क्षमा दिली. साहेबांच्या मनात काही उरलं नाही. कंपनीच्या मनात काही उरलं नाही. मूलही सुखी असो." आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

जुडी उचलली की प्रकरण संपते. त्यानंतर बोलणे म्हणजे दिलेल्या शब्दावर चिखल फेकणे. मामांचे तोंड मुद्द्यासाठी उघडले होते, ते तसेच उघडे राहिले. गोऱ्या पाहुण्यांनीही टाळ्या वाजविल्या. एका वृद्ध बाईने डोळे पुसत मामांच्या मांडीवर एक नोट ठेवली. दिलेली भेट नाकारणे हा अपमान होय, आणि नोटही लहान नव्हती, त्यामुळे मामांनी ती ठेवून घेतली.

त्याच क्षणी चादरींची ढकलगाडी घेऊन उनाईसी व्हरांड्यात आली.

तिने आधी मला पाहिले: चर्चचा कोट, गळ्यात माळ, साहेबापुढे झुकलेली मान. मग परदेसी मास्तरांच्या मांडीवर झोपलेली मेरेवाई तिला दिसली. तिचे दोन्ही हात चादरींवरून उचलले गेले. कामाच्या वेळेत पाहुण्यांसमोर मूल घेता येत नाही, हे तिला आठवले असावे, कारण ते हात थोडा वेळ तसेच राहिले आणि पुन्हा चादरींवर आले. गाडी पुढे गेली. तिचे एक चाक कुरकुरत होते, ते मला पुढे कित्येक दिवस ऐकू येत असे.

स्वयंपाकघराच्या मागे तिची आणि माझी थोडकी भेट झाली.

"कशाची माफी मागितलीस?" तिने विचारले.

"बोनसची."

"जो मला मिळाला नाही, त्याची?"

"ती प्रस्तावना होती, उनाईसी. मुद्दा यायचा होता."

"रुसी, मी इथे मान वर करून काम करते." तिने मेरेवाईला माझ्या खांद्यावरून घेतले. मुलगी झोपेतच होती. मी तिला उठवू लागलो, तर उनाईसी म्हणाली, "झोपू दे. उठली आणि मी पुन्हा गेले, तर?" तिने तिच्या केसांचा वास घेतला. मग कोणीतरी आतून हाक मारली, आणि ती माझ्या कॉलरवरचे फूल झटकून निघून गेली.

यानंतर जे घडले ते सर्वस्वी चांगुलपणातून घडले, आणि चांगुलपणाविरुद्ध दाद मागण्याची सोय कोठेही नसते. ज्या बाईच्या कुटुंबाने एवढी मोठी माफी मागितली, तिच्या मनास किती टोचणी लागली असेल, असा विचार करून हॅडो साहेबांनी तिला नवी सुरुवात देऊ केली. बाहेरच्या बेटांवर त्यांच्या मालकांचे दुसरे हॉटेल निघाले होते. तेथे तिची बदली झाली. तेथून बोट महिन्यातून एकदा, आणि तीही समुद्र बरा असेल तर. निरोप आता दोन बोटी बदलून येऊ लागला. मनोआने एके दिवशी दोर बांधला आणि माझ्याकडे न पाहता सांगितले, "काही नाही आज."

"साबणसुद्धा नाही?"

"तिकडे हॉटेलच साबण देतं म्हणे."

मला त्या हॉटेलचा मनस्वी राग आला.

गावात काय झाले ते सांगण्यास लेखणी कचरते. माफी मागितली म्हणजे काहीतरी केले असलेच पाहिजे. उनाईसीने टॉवेल चोरले असावेत, असा पहिला अंदाज होता. रविवारपर्यंत त्या टॉवेलांचा साहेबाच्या पत्नीचा मोत्यांचा हार झाला. दुकानात गिऱ्हाइके माझ्यासमोर सुटे पैसे पुन्हा मोजू लागली. चर्चमध्ये मोहाला बळी पडलेल्या कुटुंबांसाठी प्रार्थना झाली, आणि ती चालू असता पुढल्या बाकावरील चौघांनी वळून मजकडे पाहिले. त्यात भर म्हणून हॉटेलने एक नवे रंगीत माहितीपत्रक काढले. मुखपृष्ठावर मी होतो. मान झुकविलेली, माळ घातलेली. खाली छापले होते की, क्षमायाचनेचा हा हृदयस्पर्शी सोहळा पाहुण्यांस आता दर मंगळवारी व शुक्रवारी पाहावयास मिळेल. त्यासाठी मामांस बोलावणेही आले.

"जाऊ नका, मोमो," मी म्हणालो.

"जात नाही रे." मामांनी पत्रक पुन्हा हातात घेतले. "जेवण देतात का, तेवढं विचार."

परदेसी मास्तरांनी या सर्व काळात एकदाही ‘मी सांगितले होते’ असे म्हटले नाही. ते केवळ रोज सकाळी छत्री घेऊन दुकानासमोर उभे राहत. शेवटी मी त्यांच्याबरोबर शहरात गेलो.

कामगार कार्यालयातील पहिल्या खिडकीत मला विचारले गेले, "तक्रार कोणाची?"

"माझ्या पत्नीची."

"मग तुम्ही कोण?"

"पती."

त्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "पतीचा रकाना नाही यात. बाईंना घेऊन या."

"त्या बाहेरच्या बेटावर आहेत. त्यांना आणण्यासाठीच तर आलो आहे."

"मग सही आणा. आणि प्रसूतीची प्रकरणं इथे नाहीत, पलीकडच्या खिडकीत."

पलीकडची खिडकी बंद होती. शिपायाने सांगितले की, ते काम श्रीमती कोरोई पाहतात, आणि त्या प्रसूतीच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी कोणासही नेमलेले नव्हते. मी त्या बंद खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिलो. मास्तरांनी शिपायास विचारले, "बाईंना बोनस मिळतो का हो?"

"सरकारात कुठला बोनस, काका. तुम्ही बसा, मी चहा सांगतो."

सही आणण्यास दोन बोटी, दोन वादळे आणि कागद ठेवलेला मनोआचा एक हरवलेला डबा लागला. मी चार पाने निवेदन लिहिले होते. उनाईसीने त्यातील बहुतेक खोडून सही केली होती. मेरेवाई दरम्यान रांगू लागली, मग तराजूस धरून उभी राहू लागली. प्रत्येक वेळी मी दाराकडे वळून ‘बघ, बघ’ म्हणे, आणि दारात कोणी नसे. आमच्या प्रकरणास इतका काळ लागला की श्रीमती कोरोई रजा संपवून परत आल्या. त्यांनी सर्वांस एकाच टेबलाभोवती बोलाविले.

सुनावणीस उनाईसी बोटीतून थेट आली होती. ती माझ्यासमोर बसली. वाळली होती. तिने डोळ्यांनीच विचारले, आणि मी डोळ्यांनीच सांगितले की मुलगी शेजारणीकडे आहे, बरी आहे. हॅडो साहेबांनी ते रंगीत पत्रक टेबलावर ठेवले.

"मला फार वाईट वाटतं," ते मनापासून म्हणाले. आमची भाषा ते चांगली बोलतात. "हे प्रकरण तर मिटलं होतं. कुटुंबाने माफी मागितली, आम्ही दिली. आता पुन्हा उकरून काढणं तुमच्याच रीतीला धरून आहे का?"

श्रीमती कोरोईंनी पत्रकावरील माझ्याकडे पाहिले, मग खुर्चीवरील माझ्याकडे. नंतर त्या मामांकडे वळल्या. "मोमो, कशाची माफी मागितलीत?"

"आलो त्याची," मामा म्हणाले.

"आणि कशासाठी आला होतात?"

"ते सांगायच्या आतच यांनी उचललं की."

श्रीमती कोरोईंच्या ओठांचे कोपरे हलले, परंतु त्यांनी ते आवरले. "साहेब, जुडी घेताना तुम्ही विचारलंत का, हे लोक कशासाठी आलेत?"

"मला ते असभ्य वाटलं," हॅडो साहेब म्हणाले.

"मग आता विचारा."

त्यांनी विचारले. मी निवेदनाची चार पाने खिशातून काढली, परंतु उनाईसीने मला हाताने थांबविले.

"सर, मी मूल व्हायला गेले होते," ती म्हणाली. "पळून नव्हते गेले. रजा तुम्हीच मंजूर केलीत. आदल्या दिवसापर्यंत मी जिने चढत होते. परत आले तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता."

"नियम सर्वांना सारखा आहे, उनाईसी," साहेब म्हणाले. "जो कोणी तितका काळ गैरहजर असेल, त्याचं वर्ष तुटतं. बाई असो वा पुरुष."

उनाईसीने तोंड उघडले आणि मिटले. तिची नजर जमिनीवर गेली. साहेबांस वाटले की तिच्याजवळ उत्तर नाही. आम्हां उरलेल्यांस मात्र दिसत होते की उत्तर आहे, आणि ते दारापाशी उभे आहे. आम्हांस शहरात आणणारा मनोआ तेथे टोपी हातात धरून उभा होता. बहिणीने भावाचे नाव घेऊन चारचौघांत बोट दाखवावे, हे आमच्याकडे होत नाही. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणूनच ती एवढे महिने गप्प होती, हे मला त्या क्षणी कळले.

मनोआ खाकरला. "मॅडम, मी भिंतीकडे बघून बोललो तर चालेल का?"

"चालेल," श्रीमती कोरोई म्हणाल्या.

तो भिंतीकडे वळला. "भिंती, त्याच वर्षी रग्बीत माझा पाय मोडला. गावाच्या सामन्यात. हॉटेलचा त्याच्याशी काही संबंध नाही. कुणीतरी बाळंतपणाला होतं तेवढाच काळ मी घरी पडून होतो, थोडा जास्तच. माझं वर्ष तुटलं नाही. मला बोनस मिळाला, पगार वाढला. बोनसचं मी इंजिन घेतलं." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाटायचं, कुणी बोललं नाही म्हणजे कुणाला माहीत नाही. भिंती, मला जरा लाज वाटते."

"ती वैद्यकीय रजा होती," हॅडो साहेब म्हणाले. "ती वेगळ्या सदरात मोडते." परंतु त्यांचा स्वर बोलता बोलताच खाली गेला.

"म्हणजे पाय मोडला तर वर्ष शाबूत," श्रीमती कोरोई म्हणाल्या, "आणि मूल झालं तर वर्ष मोडतं. बरोबर लिहिते ना मी?"

साहेबांनी पत्रक उचलून त्याची घडी केली आणि ते खिशात घातले. बोनस देण्याचे त्यांनी त्याच टेबलावर कबूल केले, पगारवाढही मागील तारखेपासून. आणि श्रीमती कोरोईंनी पेन खाली न ठेवल्यामुळे, हॉटेलातील इतर ज्या बायकांची वर्षे अशी तुटली होती, त्यांनाही. मास्तर छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. बाहेर पडताना साहेबांनी मामांस बाजूस घेऊन विचारले, "त्या दिवशी माझं काही चुकलं का?"

"काही नाही, साहेब," मामा म्हणाले. "अगदी रीतीप्रमाणे केलंत. तोच घोळ झाला."

काही दिवसांनी उनाईसी बिनपगारी रजा टाकून दुपारच्या बोटीने घरी आली. मी मेरेवाईला नवा झगा घालून धक्क्यावर उभा होतो. उनाईसीने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. मेरेवाईने त्या हातांकडे पाहिले, मग तिच्या तोंडाकडे, आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती रडू लागली.

"दमली असेल," मी म्हणालो.

"दमलेली नाही," उनाईसी म्हणाली. "ओळखत नाही."

श्रीमती कोरोईंनी बोनस देवविला होता, वाढही देवविली होती. गेलेले महिने देवविण्याचा अधिकार त्यांच्या खिडकीस नव्हता. मी उपाय केले. मुलीस आईच्या मांडीवर ठेवून दाराआड लपलो. तिने रांगत येऊन मला शोधून काढले. आईच्या हातून भरवू पाहिले. तिने तोंड मिटून माझ्याकडे पाहिले. उनाईसी चटईच्या एका टोकास बसून आम्हां दोघांचे जेवण पाहत राहिली, आणि ज्या दिवसाची मी इतकी वाट पाहिली तो दिवस असा, भरल्या घरात, उपाशी गेला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती म्हणाली, "रुसी, तू जा."

"कुठे?"

"कुठेही. तू दिसतोस तोवर ती माझ्याकडे यायची नाही."

"मी मागच्या बाजूला बसतो ना."

"तुझा आवाज येतो. तुला गप्प बसता येत नाही."

"कालच तर आलीस तू."

"हो." तिने माझ्या शर्टाची बाही धरली, सोडली नाही. "मलाही तुझ्याजवळ बसायचंय. पण ती मला तुझी पाहुणी असल्यासारखं बघते. जा तू. मला तिच्याशी ओळख करून घ्यायचीय."

मामांचे घर मैदानाच्या पलीकडे आहे. ते ओट्यावर बसले होते.

"बायको आली ना तुझी?"

"आली."

"मग इथे काय करतोस?"

"तिने घालवलं."

मामांनी विचार केला. "मी येऊन बोलू का?"

"नको, मोमो."

मैदानापलीकडून मेरेवाईचे रडणे ऐकू येत होते. माझे पाय दोनदा आपोआप उठले. मामांनी मला खांद्यास धरून वळविले. "तोंड इकडे कर. दारातून तुझं डोकं दिसेल तिला." मी त्यांच्या भिंतीकडे तोंड आणि माझ्या घराकडे पाठ करून बसलो. रडणे वाढले, फाटले, खोल गेले. मग थांबले. बराच वेळ काहीच नव्हते. वाऱ्याने कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे फडफडले. त्यानंतर कोणीतरी हसले, आखूड, एकदाच. मोठे माणूस की लहान, ते एवढ्या दुरून कळले नाही.

"कोण हसलं, मोमो?"

"इथून दिसत नाही. जा, बघून ये."

मी उठलो आणि पुन्हा खाली बसलो. "बसतो अजून थोडा," मी म्हणालो. मामांनी अर्धी चटई माझ्याकडे सरकविली.